गाळ ओला आहे तोवर

कृष्णेचा पूर धावत येत नाही, तो चढतो. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाकडे जमिनीला उतार असा जवळजवळ नाहीच. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेत येते, नृसिंहवाडीला पंचगंगा येते आणि एवढे सगळे पाणी घेऊन नदी आमच्या शिवारातून संथपणे कर्नाटकाकडे निघते. त्यामुळे पाणी एकदा मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, शिरले की ते वितीवितीने गावाकडे सरकते आणि गावात आले की दिवसेंदिवस मुक्काम करते. नृसिंहवाडीच्या दत्ताच्या देवळात दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पुराचे पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडले, की आमच्याकडे दरवर्षी ‘पाणी आलं’ एवढेच म्हणतात, भीत कोणी नाही. लग्न होऊन या गावात आल्याला मला 2019 साली 31 वर्षे झाली होती आणि तेवढ्या काळात आमच्या गल्लीने नदी घरात आलेली एकदाच पाहिली होती, 2005 साली. त्या पुराची खूण शाळेच्या भिंतीवर तांबड्या रंगाने काढून ठेवलेली होती. त्या खुणेवर आम्ही फार विश्वास ठेवला.

5 ऑगस्ट 2019 ला सोमवार होता आणि नागपंचमी होती. पाणी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा प्रत्येक घराने 2005 ची आठवण काढून सामान उचलले. ज्यांच्या घरात तेव्हा गुडघाभर पाणी आले होते त्यांनी धान्याची पोती पलंगावर ठेवली, ज्यांच्या उंबऱ्यालाच ते थांबले होते त्यांनी काहीच हलवले नाही. दुसऱ्या दिवशी आम्हांला गाव सोडावे लागले. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले, तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, तिथे ते 55 फुटांच्या वर गेले. हे आकडे आम्हांला नंतर समजले. आम्हांला समजले ते एवढेच की शाळेच्या भिंतीवरची तांबडी रेघ चार फूट पाण्याखाली गेली होती.

उंचावरच्या एका गावातील शाळेत आम्ही दहा रात्री काढल्या. 8 तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाल्याची बातमी आली, तेव्हा त्या शाळेच्या व्हरांड्यात कोणी कोणाशी बोलले नाही. स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा त्या वर्षी एकाच दिवशी आली होती. तोही दिवस तिथेच गेला आणि 16 ऑगस्टला सकाळी, रस्त्यावर अजून घोटाभर पाणी असताना, आम्ही गावात परत आलो.

आमच्या गल्लीत 23 घरे आहेत. त्यांतल्या 22 घरांत पाणी गेले होते. माझे घर जुन्या पांढरीच्या, म्हणजे मूळ गावठाणाच्या, टेकाडावर आहे, त्याला पाच पायऱ्या आहेत, आणि पाणी चौथ्या पायरीला टेकून परत फिरले होते. दार उघडले तर देव्हाऱ्यापुढे नागपंचमीच्या लाह्यांची वाटी मी ठेवली तशीच होती. ती पाहून मला आनंद झाला नाही, लाज वाटली. बाहेर येऊन मी दार ओढून घेतले आणि कोणी विचारले नाही तोवर काही सांगितले नाही.

शेजारच्या आक्कांचे दार फुगून चौकटीत रुतून बसले होते. पहार लावून ते उघडावे लागले. आक्का पासष्टीच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा इचलकरंजीला मागावर कामाला, तो रस्ते मोकळे होईपर्यंत येऊ शकणार नव्हता. आतून जो वास आला तो मी कधी विसरणार नाही: आंबलेली ज्वारी, कुजलेला कडबा, रॉकेल आणि नदीचा गाळ, असा सगळ्यांचा मिळून एक. फ्रीज तरंगून पलंगावर उताणा पडला होता. तट्ट्याची कणगी आतल्या ज्वारीने फुगून उभी चिरली होती आणि त्या चिरेतून दाणे गाळात ओघळून तिथेच त्यांना पांढरे कोंब फुटले होते. आक्का उंबऱ्याबाहेर उभ्या राहून मला विचारत होत्या, “बाई, आत पाय टाकू का नको?” स्वतःच्याच घरात जायला त्या माझी परवानगी मागत होत्या. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी एकदम आत गेलो.

त्यानंतर मी जे केले ते चुकीचे होते. आक्कांच्या वाकळा, लुगडी, अंथरुणे पाहून माझा जीव तुटला आणि आम्ही तीन-चार बायकांनी ती ओझी बाहेर काढून धुवायला घेतली. भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही. दोन तास त्यातच गेले. समोरच्या कट्ट्यावर तात्या बसले होते, पंचाहत्तरीचे, उभा जन्म नदीकाठी काढलेले. ते म्हणाले, “कापडं राहू द्यात वो बाई, ती पळून जात न्हाईत. गाळ ओला हाय तवर काढा. उद्या ऊन पडलं की ह्योच गाळ कोब्यासारखा बसंल, मग पहारीनं बी निघायचा न्हाई.”

तात्यांचे म्हणणे त्याच संध्याकाळपर्यंत पटले. ज्या घरांत लोक पोहोचलेच नव्हते तिथला, खिडकीतून ऊन लागलेला गाळ कडेने भेगाळू लागला होता. खरे तर पाणी उतरत असतानाच घरात उभे राहून गाळ ढवळत राहिले आणि खराट्याने बाहेर लोटला, तर निम्मा गाळ पाण्याबरोबर आपोआप जातो. पण त्या वेळी आम्ही छावणीत होतो. निदान जो वेळ हातात उरला होता तो वाया घालवायचा नाही, असे आम्ही ठरवले.

आमच्याकडे शेतीच्या कामात पैरा असतो. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या रानात, पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत आणि हिशोब मात्र कोणी विसरायचा नाही. गाळ काढायचा तर पैऱ्यानेच, हे ज्या सुनेने सुचवले ती गल्लीत सगळ्यांत लहान होती आणि तिचे सगळ्यांनी ऐकले. प्रत्येकाने आपापल्या घरात एकटे खपण्याऐवजी सगळी गल्ली एकेका घरात शिरणार, खोरे-घमेले घेऊन चार तासांत ते रिकामे करणार आणि पुढच्या घरात जाणार. क्रम लावायचे काम माझ्याकडे आले, कारण माझे स्वतःचे घर रांगेत नव्हते. तान्हे मूल असलेले घर पहिले, मग अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे, मग एकट्या बायकांचे, मग बाकीची. सतराव्या क्रमांकावर ज्यांचे घर गेले त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या घरातला गाळ उपसताना आपल्या घरातला वाळत चालला आहे हे माहीत असूनही ते रोज सकाळी खोरे घेऊन येत होते.

घरातला गाळ आम्ही पाट्यांनी रस्त्यावर आणू शकत होतो, पण भिंती-फरशा धुवायला पाणी नव्हते. वीज नव्हती आणि पाण्याच्या मोटारी गाळात होत्या. तिसऱ्या दिवशी तासगावच्या बाजूचे द्राक्षबागायतदार आठ-दहा पोरे बरोबर घेऊन आले. बागेत औषध फवारायचे ट्रॅक्टरचे ब्लोअर त्यांनी स्वच्छ धुऊन, टाक्या पाण्याने भरून आणले होते. त्या दाबाच्या पाण्याने एकेक फरशी पाच मिनिटांत निघू लागली. जेवायला त्यांनी आपापल्या भाकरी आणल्या होत्या. आमच्याकडून त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही, इतका विचार करून ते आले होते. तीन दिवस ते येत राहिले. फक्त भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या ठोकळ्यांच्या, जुन्या घरांवर ब्लोअर मारायला तात्यांनी सक्त मनाई केली, “भेंड्याच्या भिंती हायत, पान्याचा जोर सोसायच्या न्हाईत.”

त्या दिवसांत बाहेरून मदत खूप आली आणि ती देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरी एक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण पुन्हा कुठे पूर येईल तेव्हा कोणाला उपयोगी पडेल. आमच्या गावात जुन्या कपड्यांचा ढीग ग्रामपंचायतीसमोर छातीएवढा झाला आणि पावसात भिजून गेला. खराटे, खोरी, बादल्या, फिनेल, मेणबत्त्या, बायकांसाठी पॅड, काड्यापेट्या आणि झाकणाची पातेली यांची मात्र आठवडाभर वाट पाहावी लागली. गाडी मुख्य रस्त्याला थांबत असे आणि जो पुढे पोहोचेल त्याला मिळत असे. आक्का एकदाही तिकडे गेल्या नाहीत. पहिल्या दिवशी मी विचारले तर म्हणाल्या, “माझ्या दारात आल्यालं मानूस कवा उपाशी ग्येलं न्हाई. आता मी गाडीम्होरं हात पसरू?” ‘पूरग्रस्त’ हा शब्दही त्यांना आवडत नसे. त्यानंतर गल्लीतली दोन मुले गाडीवाल्यांना घरांची यादी दाखवून सामान एकत्र उतरवून घेऊ लागली आणि आम्ही ते अंधार पडल्यावर ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवू लागलो. द्यायची वस्तू तीच होती, पण रात्री दारात ठेवलेली पिशवी आक्कांनी घेतली.

पिण्याच्या पाण्याचे काम गावचे पाणी तपासणारे जलसुरक्षक आणि आशाताईंनी फार नेटाने केले. विहिरीत जंतू मारणारी टीसीएल (ब्लिचिंग) पावडर किती पडली हे ते नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, घेऊन, पिवळा रंग दाखवून पटवून देत. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून आणि गाळातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, भीती होती, म्हणून गाळात काम करणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या गेल्या. पायाला जखम असेल त्याने गाळात उतरायचे नाही हा नियम आम्ही पाळू शकलो नाही, कारण जखम नसलेला पाय कोणाचाच नव्हता.

माझे खरे काम सुरू झाले ते घरे धुऊन झाल्यावर. पंचनामे सुरू झाले आणि प्रत्येक घराला कागद लागू लागले. सानुग्रह अनुदान ग्रामीण भागासाठी कुटुंबामागे 10 हजार रुपये होते, त्यातले 5 हजार रोख आणि बाकीचे खात्यावर. त्यासाठी आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक यांच्या प्रती हव्यात. आणि कागद तर सगळ्यांचे पत्र्याच्या पेटीत, पेटी पलंगाखाली, पलंग पाण्यात. त्या वर्षीच मे महिन्यात मी शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, त्यामुळे कागद म्हटला की लोक माझ्याकडे येणार हे ठरलेलेच होते. माझ्या कोरड्या घराचाही अखेर उपयोग झाला.

पहिल्या कुटुंबाचे रेशन कार्ड मी उन्हात वाळवले. ते फळीसारखे कडक झाले, पाने एकमेकांना चिकटली आणि उलगडताना नावांचे पानच फाटले. त्या माउलीने मला शब्दानेही दोष दिला नाही. पण त्यानंतर मी एकही कागद उन्हात ठेवला नाही. ओला असतानाच दाभणाच्या बोथट टोकाने एकेक पान सोडवायचे, मध्ये रद्दीचा कागद घालायचा, वरून पाट ठेवायचा, दर दोन तासांनी रद्दी बदलायची आणि सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस जाऊ द्यायचे. माझ्या माजघरात दोरी बांधून, चिमटे लावून सातबारे, खरेदीखते, लसीकरणाची कार्डे, लग्नपत्रिका, एका घरातला नवऱ्याचा एकुलता एक फोटो, असे सगळ्या गल्लीचे आयुष्य टांगले होते. छापलेली अक्षरे टिकली, शाईची वाहून गेली. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले निळ्या डागांचे कागद झाले होते. त्या बाबतीत आमचे मुख्याध्यापक दूरदृष्टीचे ठरले. गाव सोडताना त्यांनी स्वतःचे सामान टाकून शाळेचे जनरल रजिस्टर खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून छावणीत नेले होते. त्यावरून सगळे दाखले दुसऱ्यांदा निघाले.

पंचनाम्यात सगळ्यांत अवघड प्रश्न होता तो एका घरात दोन चुली असणाऱ्यांचा. भाऊभाऊ वेगळे जेवतात, पण घर एक आणि रेशन कार्ड आईवडिलांच्या नावावर एकच. पहिल्या फेरीत अशा घरांची नोंद एकच कुटुंब म्हणून झाली. वेगवेगळी गॅसची पुस्तके आणि वेगळी वीजबिले जोडून मी चार अर्ज लिहिले. दोन मान्य झाले, दोन झाले नाहीत. भाड्याने राहणाऱ्या शिंप्याच्या दोन शिलाई मशीन गाळात गेल्या होत्या, पण घराच्या मालकीचा ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 चा उतारा मालकाच्या नावाचा. मालकाने स्वतः येऊन ‘यांचे नुकसान यांना द्यावे’ असे लिहून दिले, म्हणून ते काम झाले. जनावरांचे त्याहून वाईट होते. दुभत्या जनावरामागे 30 हजार रुपये मिळायचे, पण मेलेले जनावर दाखवायला हवे. ज्यांनी दावी कापून म्हशी सोडून दिल्या, त्यांच्या म्हशी वाहून गेल्या. दाखवायचे काय? आम्ही पाच जणांनी पंच म्हणून सह्या केल्या, डेअरीतले दुधाचे पुस्तक जोडले, रोज सकाळ-संध्याकाळ कोणत्या दिवसापर्यंत दूध घातले गेले ते दाखवले. पुढच्या तीन महिन्यांत मी त्या एका कामासाठी कचेरीत अकरा खेपा घातल्या. कचेरीतली माणसेही दिवसरात्र राबत होती, हे मी पाहिले आहे. तरीही ज्याची म्हैस गेली त्याला ‘पुरावा आणा’ म्हणणारा कागद फार कठोर वाटतो, आणि तो नियम बदलायला हवा असे माझे मत आजही आहे.

या सगळ्या गडबडीत तात्यांच्या घराकडे आमचे लक्ष उशिरा गेले. दुसऱ्यांना रोज काय करायचे ते सांगणारा हा माणूस स्वतःच्या घरात एकदाही गेला नव्हता. पैऱ्यात त्यांचा क्रम आला तेव्हा ते म्हणाले, “माझं ऱ्हाऊ द्या, ते पडनार हाय.” आम्हांला ते निराशेचे बोलणे वाटले. घर तर सरळ उभे होते. पण तात्यांना ठाऊक होते: भेंड्याची भिंत पाण्यात उभी राहते, कारण दोन्ही बाजूंनी पाणी तिला धरून असते, पाणी गेल्यावर आतली ओल तशीच राहते, वरून ऊन लागते, आणि मग ती पायातून बसते. त्यांच्या आग्रहामुळे आम्ही शेजारच्या अशाच दोन घरांतली माणसे समाजमंदिरात झोपायला पाठवली. पाणी उतरल्याच्या सहाव्या रात्री, पाऊस नाही, वारा नाही, अशा शांत वेळी तात्यांची मागची भिंत बसली. आवाज असा आला की कोणीतरी धान्याचे मोठे पोते जमिनीवर टाकावे. धूळ खाली बसल्यावर बॅटरीच्या उजेडात तात्या पुढे झाले आणि मातीतून त्यांनी एकच गोष्ट हातांनी उकरून काढली, भिंतीतल्या कोनाड्यात त्यांच्या बायकोने ठेवलेला पितळी कुंकवाचा करंडा. तो त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला आणि मला दिला, “तुमच्या घरात ठेवा बाई, कोरड्यात.”

2 सप्टेंबरला गणपती बसले. आमच्या गल्लीत मंडप घातला नाही, स्पीकर लावला नाही. 23 घरांचा मिळून एकच गणपती माझ्या ओट्यावर बसवला आणि वर्गणीच्या पैशातून शिंप्याची एक मशीन दुरुस्त करून घेतली. आरतीला आक्का आल्या त्या नव्या पातळात. त्यांचा मुलगा आला होता. त्या दिवशी प्रथमच त्यांनी आपल्या घरात चूल पेटवून सगळ्या गल्लीला चहा दिला, आणि तो घेतल्याशिवाय एकालाही जाऊ दिले नाही.

तात्या घर पुन्हा उभे राहिलेले पाहून 2020 साली गेले. करंडा त्यांच्या सुनेकडे आहे.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आले. आदल्या वर्षीच आम्ही शाळेच्या भिंतीवर 2019 ची नवी रेघ काढली होती, आणि या वेळी त्याही रेघेवर कोणी विसंबले नाही. प्रत्येक घराचे कागद एका रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत घालून, वर घराचे नाव लिहून, माझ्या माळ्यावर ठेवलेले होते. म्हशी सगळ्यांत आधी हलवायच्या, हे ठरलेले होते. पहाटे पाच वाजता फोन वाजला. आक्का होत्या. “बाई, पानी मळीत आलंय. मी म्हस घिऊन निघाले, लेकरू माझ्या संगट हाय. तुमी बरण्या घ्या, सगळ्या तेवीस मोजून घ्या.”

मी मोजल्या. तेवीस होत्या.